चार गोण्या समुद्र

विहिरीतला माणूस वर काढला, की वनमालाला तीन दिवस जेवण जात नसे. चौथ्या दिवशी ती मुकाट्यानं भाकरी मोडायची, कारण स्टुडिओ उघडायचा असायचा आणि लोकांच्या पासपोर्ट फोटोंना तिच्या मळमळीशी काही देणंघेणं नव्हतं.

कडा गावात रस्त्याच्या कडेला तिचा फोटो स्टुडिओ. लग्नं, बारशी, पुढाऱ्यांच्या वाढदिवसांचे फ्लेक्स, सगळं ती करायची. तिचे वडील धर्मराज म्हणजे अख्ख्या आष्टी तालुक्यात नाव असलेला पाणबुड्या. कुणाच्या विहिरीत मोटार पडली, हंडा पडला, माणूस पडला, की धर्मराजला हाक. टायरवाल्याच्या कॉम्प्रेसरची नळी दातात धरायची आणि तळाला जायचं. त्यांचे गुडघे गेले तशी ती नळी वनमालाच्या दातात आली. पुढं पुण्याहून कॅमेऱ्यासाठी जुनी पाणबंद पेटी मिळाली, तेव्हापासून पंचनाम्याला पाण्यातले फोटो हवेत म्हणून पोलीसही तिलाच बोलावू लागले.

पंधरा वर्षांत तिनं पाण्याखाली जे जे टिपलं ते सगळं मेलेलं होतं. गंजलेल्या मोटारी, फुगलेली शेळी, आणि माणसं. माणसांबद्दल ती बोलत नसे. ती रबराची नळी, तिचा तेलकट वास, काचेवर येऊन चिकटणारा हिरवा गाळ, आणि त्या गाळातून अचानक हाताला लागणारं लुगड्याचं टोक. शी! नुसतं आठवलं तरी थुंकावंसं वाटायचं. एकदा, आयुष्यात फक्त एकदा, पाण्याखाली जिवंत काहीतरी बघायचं, अंगाजवळून सुळकन पळणारं, आणि त्याचा फोटो काढायचा. बाईची इच्छा एवढीच होती. समुद्र तर तिनं काठावरूनसुद्धा पाहिला नव्हता.

म्हणून अर्जुनरावांचं बोलावणं आलं तेव्हा तिला खरंच वाटेना. अर्जुनराव म्हणजे पंचक्रोशीचे पुढारी, डाळिंबाच्या मोठ्या बागेचे मालक. सगळे त्यांना आण्णा म्हणायचे, मागं काय म्हणायचे ते सोडा. त्यांच्या मुलाचं, सोमेश्वरचं लग्न मांजरसुंब्याच्या हॉटेलवाल्याच्या सायलीशी ठरलेलं. आता लग्नाआधी नवरानवरीचे फोटो काढायची जी टूम निघालीय, तिच्यात विरोधी पार्टीच्या बबनरावांच्या पोरानं हेलिकॉप्टरातनं फोटो काढलेले. झालं! आण्णांच्या घरात कुणाला घास गिळेना.

"ते वर गेलते, आपण खाली जायचं," सोमेश्वर म्हणाला. "पाण्याच्या खाली. आजूबाजूला रंगीत माशे पायजेत. वनमालाताई, तुमीच जागा ठरवा. तुमच्याइतकं पाण्यातलं हितं कुणाला कळतंय?"

बारा दिवस वनमाला दुसरं काही करीत नव्हती. ज्या ज्या समुद्रात माणसांना नळकांडं पाठीला बांधून खाली नेतात, तिथं तिथं तिनं फोन लावले. एप्रिल सरताना पाणी कसं असतं, किती हातांवरचं दिसतं, पोहता न येणाऱ्या पोरीला झेपेल का, ऊन किती खोल जातं. पलीकडची माणसं विचारायची, मॅडम तुम्ही कुठून बोलताय, आणि बीड म्हटलं की हसायची. हसा लेकाहो, म्हणून ती पुढचा प्रश्न विचारायची.

मालवण जवळचं, पण त्या दिवसांत पाण्याला हिरवी झाक, लांबचं दिसत नाही. अंदमानात प्रवाळ भरगच्च. मालदीवला मोठे मासे आणि काचेसारखं पाणी. पण तिचं मन बसलं लक्षद्वीपवर. बेटाभोवती प्रवाळाचा बांध, त्याच्या आत शांत पाणी, कुठं कुठं छातीइतकंच. सायलीचे पाय जमिनीला टेकतील, भिणार नाही. ऊन तळापर्यंत जाणार, म्हणजे लाल रंग लालच दिसणार, विहिरीसारखा काळा पडणार नाही. कासवं तर माणसाशेजारून जातात म्हणे.

तिनं हे सगळं आबांना वाचून दाखवलं. धर्मराज बाजेवर पडल्या पडल्या ऐकत होते.

"तळ दिसतो?" त्यांनी विचारलं.

"काठावर उभं राहून दिसतो, आबा."

"मंग तिथं माणूस हुडकाया उतरावंच लागत नसंल," म्हातारा म्हणाला आणि कुशीवर वळला.

जागा ठरवायची बैठक आण्णांच्या बंगल्याच्या ओसरीवर बसली. कुणाचं तरी बोकड पडलेलं होतं. जेवून उठलेली माणसं तशाच तेलकट हातांनी खुर्च्या ओढून बसली. भावकीतले आसाराम काका दात कोरून काडी कुंडीत टोचत होते. त्याच कुंडीत बाकीचे पिचकाऱ्या मारत होते, आणि तिच्यातल्या तुळशीची पानं लाल झालेली. वनमालानं एकदाच तिकडं पाहिलं. मग आपल्या वहीकडंच बघत बोलायला लागली.

ती अंदमान म्हणाली आणि आतून मुक्ताबाई, आण्णांची बायको, पदर सावरत बाहेरच आल्या. "काळं पाणी? पोराच्या डोक्यावर अजून अक्षता पडल्या न्हाईत, अन् त्याला काळ्या पाण्यावर धाडता व्हय? बिलकुल न्हाई!"

मालदीवला परदेश म्हणून पासपोर्ट हवा. आण्णांचा पासपोर्ट जमिनीच्या एका भानगडीत कोर्टात जमा होता, आणि आण्णांशिवाय कुणी हलायचं नाही हे तर ठरलेलंच. वनमाला म्हणाली, आण्णांना यायचं काय कारण, नवरानवरी आणि मी, सोबत सायलीची आई. ओसरीवरची सगळी माणसं तिच्याकडं अशी बघायला लागली, जणू ही बाई आपल्याला उपाशीच उठवतेय. अहो, मान असतो! भावकी नेली पाहिजे. व्याह्याची माणसं नेली पाहिजेत. तीन गावचे सरपंच राहिले तर उद्या मतं कोण देणार? बोटांवर मोजता मोजता आकडा अडतीसवर गेला. दोन जिवांचे फोटो काढायला अडतीस जण समुद्रात!

"आन् ते तिसरं काय म्हणलीस?" आण्णांनी विचारलं.

तिनं जीव ओतून लक्षद्वीप सांगितलं. कासवांचं सांगितलं, छातीइतक्या पाण्याचं सांगितलं.

"तिथं बसायची सोय हाय का?" आसाराम काकांनी अंगठा तोंडाकडं नेत विचारलं.

"दारूबंदी हाय. आन् जायच्या आधी परवाना काढावा लागतो. दर माणशी पोलिसांचा चारित्र्याचा दाखला जोडून."

अडतिसातल्या किती जणांना तो दाखला मिळाला असता हे ज्याचं त्याला ठाऊक होतं. कुणीतरी खाकरलं. मग आण्णांनी सुपारी फोडली आणि निकाल दिला.

"समुद्र म्हंजी काय बे? पाणीच ना? आपलं शेततळं काय कमी हाय? ते भरू. माशे सोडू. अडतीस काय, अडतीसशे माणसं काठावर बसतील."

"वा आण्णा!" सगळे म्हणाले. वा म्हणण्याशिवाय त्या ओसरीवर दुसरं काही कुणी म्हणतच नसे.

वनमाला वही मिटून उठली. सोमेश्वर फाटकापर्यंत मागं आला. "ताई, राग धरू नका. ह्याला नमुना समजा. लगीन झालं की आमी दोघं लक्षद्वीपला जाणार, आन् कॅमेरा तुमचाच. शब्द देतो." आणि काय सांगावं, ती भुलली! कासव डोळ्यांपुढं आलं आणि ती हो म्हणून बसली. घरी जाताना तिला स्वतःचाच वीट आला, पण हो तर म्हटलं होतं.

शेततळं म्हणजे डाळिंबाला पाणी द्यायला खणलेला मोठा चौकोनी खड्डा, आतून काळा प्लास्टिकचा कागद. मार्चातच त्याचा तळ उघडा पडलेला. तरी ठरल्या दिवशी वनमाला गेली तर ते काठोकाठ भरलेलं, आणि पाणी निळं! डोळ्यांवर विश्वास बसेना. टँकर परत चालले होते. ते कुठले हे तिनं विचारलं नाही. खरं तर विचारायला हवं होतं. काठावर मंडप, खुर्च्या, स्पीकर, भजी तळायची कढई. अडतीसचे दीडशे झालेले.

पाण्यात प्लास्टिकची झाडं दगड बांधून सोडलेली. सायली काठावर निळ्या घागऱ्यात उभी, दातांवर दात आपटत. पोहायला येत नव्हतं तिला. वनमालानं तिच्या कमरेला दोर बांधला आणि कानात सांगितलं, "मी हाय खाली. हात सोडायची न्हाई मी." पोरीनं मान डोलावली.

नळी दातात धरून वनमाला आधी एकटी उतरली. उतरता उतरता चार थेंब ओठांच्या कडेनं आत गेले आणि जीभ आखडली. तांब्याचं भांडं चाटावं तशी कडवट चव. तिनं काचेतून समोर पाहिलं. मासे होते, आदल्या दिवशी शेकड्यांनी सोडलेले. रोहू होते, नगरहून आणलेले शोभेचे सोनेरी होते. सगळे तोंडं उघडी टाकून उलटे लटकत होते. काही प्लास्टिकच्या पानांत अडकलेले, कल्ल्यांतून चिकट धागे लोंबणारे. एक सोनेरी मासा हळूच येऊन तिच्या काचेला चिकटला, पांढरा डोळा काचेवर टेकवून.

ती वर आली आणि काठावर भडभडून ओकली. लोक हसले. "फोटोवालीलाच समुद्र लागला की!" आसाराम काका ओरडले.

ओकारी थांबल्यावर तिला मंडपामागं चार रिकाम्या गोण्या दिसल्या. हनुमान, आण्णांचा बागवान, त्यांच्या घड्या घालत होता.

"हे काय टाकलं तुमी?"

"मोरचूद," हनुमान अभिमानानं म्हणाला. डाळिंबावर रोग आला की फवारतात ते निळं औषध. "आण्णा म्हणले समुद्राचा रंग पायजे. कसा उतरलाय रंग! माशांनी तेवढी दगाबाजी केली बघा."

तरीही शूटिंग झालं. दीडशे माणसं जमवून आण्णा परत थोडेच पाठवणार! सोमेश्वर आणि सायली पाण्यात उतरले, हात धरले, बुडाले, वर आले, परत बुडाले. मेलेले मासे त्यांच्या केसांत, घागऱ्याच्या घेरात. वनमालानं फोटो काढले, कारण दोराचं दुसरं टोक तिच्याच हातात होतं आणि लवकर उरकलं तर पोरगी लवकर बाहेर येणार होती. सायलीनं डोळे गच्च मिटून घेतले होते. वरून भज्यांचा वास आणि टाळ्या येत होत्या.

दुसऱ्या दिवशी आण्णा स्वतः स्टुडिओत आले. फोटो बघून खूश झाले. "झकास. हे माशे तेवढे कम्प्युटरवर उडीव. आन् ह्यातला एक फोटो मोठ्या फ्लेक्सवर घे. वर मजकूर टाक: आपल्या माणसांसाठी आपलं पाणी. खाली माझं नाव."

"कशाचा फ्लेक्स?"

"आगं, एवढं पाणी वाया कशाला घालवायचं? खालच्या वस्तीच्या विहिरीत सोडतोय. परवा सकाळी दहाला माझ्या हातानं मोटार चालू. सोमेश्वरच्या लग्नानिमित्त."

वनमालाच्या हातातला माऊस तिथंच राहिला. खालच्या वस्तीत तिची सख्खी आत्या राहायची, भिवराबाई. सगळी वस्ती ऊसतोडीला गेलेली, पंधरा दिवसांपूर्वीच परतलेली. टँकर आला की त्या विहिरीत ओततात आणि बायका शेंदून घरी नेतात. प्यायला तेच पाणी.

"आण्णा, ते पाणी इषारी हाय. माशे मेलेत त्यात."

"डाळिंबावर तेच फवारतो ना आपण? अन् डाळिंब खातो का न्हाई?" आण्णा समजूतदारपणे म्हणाले. "इहिरीत गेलं की पातळ व्हतंय. लहान पोरासारखं बोलू नगंस. तुला त्या बेटावर जायचंय ना? सोमेश्वर सांगत व्हता. जा की खुशाल." तिच्या डोक्यावर हात ठेवून ते गेले. त्या हाताला अत्तर होतं. तिनं जाऊन दोनदा डोकं धुतलं.

मग तिनं भिवराबाईला फोन लावला.

"आगं, आठ दिस झाले टँकर न्हाई," आत्या म्हणाली. "टँकरवाला आण्णांचाच मेव्हणा. गाडी बिघडलीय म्हणतो. आता आण्णा आपणहून पाणी देतोय म्हणल्यावर वस्ती नाचतीया. मी एकटी न्हाई म्हणलं तर कोण ऐकंल? तुझ्या शब्दाला तरी कोण पुसतंय? डोळ्यानं दिसंल असं काय असलं तर दाखीव."

गाडी बिघडली! ते टँकर तिनं स्वतः पाहिले होते, मंडपाशेजारून खडखडत परत जाताना. तिच्या अंगाची लाही लाही झाली. तळं निळं करायला आठ दिवस वस्ती तहानेली ठेवायची आणि वर तेच विष उपकार म्हणून पाजायचं! मुडदा बशिवला ह्यांचा, ती मोठ्यानं म्हणाली. पासपोर्टसाठी आलेलं एक गिऱ्हाईक घाबरून उठलं.

तरी संध्याकाळपर्यंत ती मासे खोडत बसली होती. खोटं कशाला सांगायचं? एकेक मासा पुसायचा, तिथं निळं पाणी भरायचं. चाळीस मासे पुसून झाले. पुसलेल्या जागी फोटो खरंच सुंदर दिसायला लागला होता, लक्षद्वीपच म्हणावं असा. तेवढ्यात फोन वाजला. सायली.

"ताई, माझ्या डोळ्यांची लई आग व्हतीया. डॉक्टर म्हणले, कसल्या पाण्यात उतरलतीस? आन् आई म्हणत व्हती, तेच पाणी वस्तीला सोडणार हायेत. खरं का?"

"खरं हाय."

"फ्लेक्सवर मीच हाय ना? मंग माशे राहू द्या. मी न्हाई काय म्हणणार."

वनमालानं पुसलेला फोटो बंद केला आणि मूळचा उघडला. मजकूर आण्णांनी सांगितला तसाच टाकला, अक्षर इकडचं तिकडं नाही. मासेही सगळे तसेच. एका कोपऱ्यात त्या दिवशी काठावर टिपून ठेवलेला चार गोण्यांचा फोटो टाकला, त्यांच्यावरचं नाव वाचता येईल एवढा मोठा. आष्टीला जाऊन तिनं स्वतः छापून आणला, गुंडाळी करून हनुमानच्या हातात दिला. उद्घाटनाचा फ्लेक्स आधी उघडायचा नसतो, म्हणून त्यानंही उघडला नाही.

दहाला सगळी वस्ती विहिरीवर होती. बायकांच्या कमरेवर हंडे, कळशा, तेलाचे डबे. शेततळ्यापासून आलेल्या पाइपाचं तोंड विहिरीच्या काठावर दोरीनं बांधलेलं. आण्णांनी कुर्त्याची बाही मागं सारून मोटारीच्या बटणाजवळ हात नेला. सोमेश्वर शेजारी फेटा बांधून उभा. "फ्लेक्स सोड रे," आण्णा म्हणाले. हनुमाननं दोरी ओढली आणि बारा फुटांचा कागद सळसळत खाली आला.

आधी टाळ्या पडल्या. मग एकेक टाळी थांबत गेली.

आपल्या माणसांसाठी आपलं पाणी. त्या अक्षरांखाली डोळे मिटलेली सायली, बिनफेट्याचा, हसणारा सोमेश्वर, आणि त्यांच्या गळ्याभोवती, केसांत, हातांच्या बोटांत पांढरी पोटं वर केलेले मासे. वाचता न येणाऱ्या बायकांनाही ते नीट वाचता आलं. गोण्यांवरचं नाव पोरांनी मोठ्यानं वाचून दाखवलं.

भिवराबाई पुढं झाली. कळशी तिनं खाली ठेवली. "आण्णा," ती म्हणाली, "ह्यातले माशे कावून मेले?"

आण्णांनी बटणाजवळचा हात मागं घेतला. आसाराम काका मदतीला धावले. "ते... ते डिझाइन हाय, भिवराबाई."

"असं व्हय?" भिवराबाईनं कोयत्याच्या मुठीनं घट्टे पडलेला हात पाइपाला घातला. "मंग दोरी सोडा गं, पोरींनो." पंधरावीस बायका पाइपाला भिडल्या. सहा महिने ऊस तोडणाऱ्या, मोळ्या वाहणाऱ्या त्या बायका. गाठ सुटली, पाइप विहिरीवरून ओढत बाजूच्या उघड्या खडकावर नेऊन टाकला. "आता दाबा बटण, आण्णा. लगीन हाय घरात, रीत पुरी करा."

बटण कुणी दाबलं नाही. एक एक जण चप्पल हुडकत गाडीकडं निघाला. त्याच दिवशी चार वाजता टँकरवाल्या मेव्हण्याची बिघडलेली गाडी दुरुस्त झाली आणि भरून वस्तीवर आली. वस्तीनं आधी टँकरच्या नळाला तोंड लावून बघितलं, मग विहिरीत ओतू दिलं.

सकाळी विहिरीवरून जाता जाता सोमेश्वर कडेला उभ्या वनमालापाशी थांबला. त्याचेही डोळे लाल होते. "ताई, लक्षद्वीप इसरा आता."

"इसरले," ती म्हणाली. म्हणताना आत कुठंतरी चिरलंच. पण जिभेवर अजून मोरचुदाची चव होती, ती जास्त होती. तिनं बाजूला जाऊन थुंकलं.

घरी आली तर आबा बाजेवर उठून बसलेले. वस्तीवरचं सगळं त्यांच्या कानावर आलेलं होतं. तिनं पाणबंद पेटी उघडून उन्हात ठेवली, काच पुसली. काचेवर त्या सोनेरी माशाचा एक खवला चिकटून वाळला होता. तो नखानं खरवडून काढावा लागला.

"जेवतीस का?" आबांनी विचारलं.

"न्हाई, आबा. आज पैला दिस. चौथ्या दिवशी."

त्यांनी मान हलवली आणि तिच्या वाटणीची भाकरी कापडात गुंडाळून ठेवली.